फळीला तेल कोणतं पाजायचं?

मराठी स्वयंपाकघरात सुरीखाली फळी धरायची रीत फार जुनी नाही. पिढ्यान्‌पिढ्या भाजी चिरली ती विळीवर. विळीचं पातं उभं असतं, भाजी दोन्ही हातांनी पात्यावर न्यायची. पात्याखाली काही ठेवावंच लागत नाही. विळीला लाकडी पाट असतो, पण तो पायानं दाबून धरायला. त्यावर कधी पातं पडत नाही. त्यामुळे जुन्या बायकांना पोळपाटाची, काठवटीची, रवीची, उखळ-मुसळाची निगा पाठ होती, पण चॉपिंग बोर्ड नावाची वस्तू त्यांच्या संसारात नव्हतीच. पुढे घरोघरी ओटा आला, स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला, विळी कोपऱ्यात गेली आणि सुरी हातात आली. सुरी आली म्हणून फळी आली. फळीची निगा मात्र तिच्यामागून आली नाही.

घोडनदीकाठचं शिरूर आणि भीमेकाठचं दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे दोन तालुके. रांजणगावची आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दौंडचं रेल्वे जंक्शन, ऊस, गुऱ्हाळं आणि हमरस्त्यावरची हॉटेलं यांनी इथलं राहणीमान गेल्या काही दशकांत पुरतं बदललं. घरात सुरीखाली काय असतं ते पाहिलं तरी हा बदल दिसतो. कुठे पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड, कुठे फर्निचर करताना उरलेला सनमायका लावलेला प्लायचा तुकडा, कुठे थेट ग्रॅनाइटचा ओटा. आणि आता पुन्हा लाकडी फळी. ती ऑनलाइन मागवलेली असते, नाहीतर गावच्या सुताराकडून करून घेतलेली. फळी घरी आली की पहिला प्रश्न पडतो तो हाच: हिला लावायचं काय? दारं-खिडक्यांना लावतात ते पॉलिश, हार्डवेअरच्या दुकानातलं जवसाचं तेल, स्वयंपाकाचं तेल, की काहीच नको?

प्रश्न किरकोळ वाटला तरी त्याचं उत्तर आपल्या पोटाशी जोडलेलं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ साली चॉपिंग बोर्डातून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सुरीच्या प्रत्येक घावानं बोर्डाचे बारीक कण निघतात आणि ते चिरलेल्या भाजीबरोबर जातात, हे त्यातून पुढे आलं. प्लॅस्टिकच्या बोर्डातून प्लॅस्टिकचे कण सुटतात, लाकडी बोर्डातून लाकडाचे. म्हणजे फळी थोडी थोडी खाल्ली जातेच, आणि तिला जे लावलं असेल तेही तिच्याबरोबर खाल्लं जातं. या लेखाचा सगळा भार याच एका गोष्टीवर आहे. फळीला तेच द्यावं जे ताटात गेलं तरी चालेल, सुरीबरोबर झिजेल आणि झिजल्यावर घरच्या माणसाला आपल्या हातानं पुन्हा देता येईल.

आधी लाकूड

तेलाची निवड लाकडापासून सुरू होते, आणि या भागाला त्यासाठी दूर जावं लागत नाही. बाभूळ हे इथल्या मातीचं झाड. बैलगाडीची चाकं, कुळव, औतं, कुऱ्हाडीचे दांडे यासाठी सुतारांनी बाभळीवरच विश्वास टाकला, कारण तिचा गाभा घट्ट, जड आणि मार सोसणारा असतो. हेच गुण फळीला लागतात. बाभळीचं पांढरं लाकूड, म्हणजे सालीलगतचा बाहेरचा थर, मात्र घुणाला लवकर बळी पडतो. त्यातल्या स्टार्चवर कीड जगते. म्हणून शेतकरी बाभळीचे ओंडके पाण्यात मुरवत ठेवायचे. पाण्यात पडून राहिलं की किडीला हवं असणारं पोषण बरंचसं निघून जातं. फळीसाठी बाभूळ घ्यायची तर तांबूस गाभ्याची घ्यावी आणि पांढरा भाग कापून टाकायला सांगावं.

चिंचही तशीच. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली मोरांसाठी पर्यटकांना माहीत आहे, तिथल्या चिंचेच्या जुन्या झाडांनीच त्या मोरांना आसरा दिला. चिंचेचं लाकूड इतकं चिवट असतं की थायलंडमध्ये खाटकापासून घरापर्यंत सगळीकडे चिंचेच्या खोडाच्या गोल चकत्या चिरण्यासाठी वापरतात. पण हौसेपोटी चिंच तोडायची नसते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत चिंच आहे, तिला हात लावायचा तर परवानगी लागते. वादळात पडलेलं किंवा परवानगीनं उतरवलेलं झाड मिळालं तर त्याचं सोनं करावं.

तिसरं लाकूड कुणाच्या मनात सहसा येत नाही, ते वेड्या बाभळीचं. भीमेच्या काठानं, पडीक रानात, रस्त्याकडेला ही काटेरी झुडपं माजली आहेत आणि त्यांचा उपयोग जळणाला किंवा कोळशाला होतो. याच कुळातल्या मेस्किटचं लाकूड अमेरिकेच्या टेक्सास राज्यात फरशीला आणि चॉपिंग बोर्डाला मानानं वापरतात, कारण ऋतू बदलला तरी ते फार कमी आकसतं आणि फार कमी फुगतं. वेड्या बाभळीचं खोड वाकडं आणि बारीक असतं, मोठी फळी निघत नाही. पण पट्ट्या काढून जोडल्या तर हातभर फळी नक्की होते.

सागवानाचा मान मोठा आहे आणि पाण्याला ते टिकतंही, पण त्यात असणाऱ्या सिलिकामुळे सुरीची धार लवकर जाते. कडुनिंबाच्या फळ्यांची जाहिरात हल्ली जोरात असते. लाकूड चांगलं आहे, पण कडुनिंब म्हणून धुण्यात सूट मिळत नाही. आंबा स्वस्त आणि मऊ, ओल धरली की त्याला बुरशी लवकर येते. कण्हेरीसारख्या विषारी झाडांचं लाकूड स्वयंपाकघरात आणूच नये.

या दोन तालुक्यांत आणखी दोन प्रकारचं लाकूड सहज हाताला लागतं आणि तिथे सावध राहायला हवं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत माल येतो तो पाइनच्या पॅलेटवर. रिकामी पॅलेट भंगारात जातात, तिथून त्यांची टेबलं, स्टुलं, शेल्फ होतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ‘एचटी’ असलं तरी त्या पॅलेटवर वाटेत कोणतं रसायन सांडलं हे शिक्का सांगत नाही. शेल्फ करा, चॉपिंग बोर्ड करू नका.

दुसरं म्हणजे रेल्वेचे जुने स्लीपर. सिमेंटचे स्लीपर आले आणि लाकडी स्लीपर लिलावात निघाले. जाड, जुनं, मुरलेलं लाकूड पाहून सुताराला मोह होतोच. पण लाकूड कुजू नये म्हणून अनेक स्लीपरना दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं क्रिओसोट दाबानं आतपर्यंत भरलेलं असायचं. ते कितीही रंधलं तरी निघत नाही आणि ते कर्करोगाला कारण ठरू शकतं. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात ही गोष्ट प्रत्येक सुताराच्या दुकानात माहीत असायला हवी.

उन्हाळा फळी का फोडतो

शिरूर-दौंड पर्जन्यछायेत येतात. पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आगेमागे, आणि चैत्र-वैशाखात हवा अशी कोरडी की धुतलेलं कापड बघता बघता वाळतं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी चढतं, झाड तोडल्यावरही त्या नळ्या हवेतली ओल घेत-सोडत राहतात. ओल घेतली की लाकूड रुंदीत फुगतं, सोडली की आकसतं. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही. त्यातही खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं होणारं आकसणं गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. म्हणून फळी वाकते, आणि टोकाला, जिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून चिरते.

तेलाचं पहिलं काम हे. नळ्यांत तेल भरलं की पाण्याला जागा उरत नाही, ओलीची ये-जा मंदावते. पाणी पूर्ण अडवणं तेलाला जमत नाही आणि ते लागतही नाही; फुगण्या-आकसण्याचा वेग कमी झाला तरी फळी टिकते. त्यासाठी तेल दोन्ही बाजूंना आणि कडांना सारखं लावायचं, आणि टोकांना सगळ्यात जास्त. वरच्याच बाजूला लावून खालची कोरडी ठेवली तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं ओल घेतात आणि फळी वाटीसारखी वाकते.

दुकानातले डबे

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश मागितलं की पुढे येतात ते पीयू, मेलामाइन, एनसी लॅकर आणि व्हार्निशचे डबे. पलंगाला, दाराला ते उत्तम. त्यांचा लाकडावर कडक, काचेसारखा थर बसतो. पण सुरीखाली हा थर टिकत नाही. पहिल्या आठवड्यात त्यावर चरे पडतात, चऱ्यांतून पाणी थराखाली शिरतं आणि वर थर असल्यानं ते बाहेर पडू शकत नाही. मग थर फुगतो, पापुद्रे सुटतात आणि ते कांद्याबरोबर कढईत जातात. शिवाय अशा फळीची दुरुस्ती म्हणजे सगळा थर घासून काढणं. पाहुण्यांपुढे फळं किंवा चीज मांडायच्या, सुरी न लागणाऱ्या तबकाला हे पॉलिश चालेल. चिरायच्या फळीला नाही.

लाखेचं पॉलिश, ज्याला सुतार फ्रेंच पॉलिश म्हणतात, ते लाखेच्या किड्यानं स्रवलेल्या राळेचं. लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवरही असते, म्हणजे पोटाला ती चालते. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी पाहिली की तिची झळाळी कळते. पण गरम भांडं ठेवलं की लाख मऊ पडते, पाणी साचलं की पांढरी होते. हिचाही थरच असतो, म्हणून तीही सुरीखाली चिरते.

मग घरातलं खाण्याचं तेल का नको? लाकडाच्या दृष्टीनं तेलं दोन टोकांत मोडतात: वाळणारी आणि न वाळणारी. हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन घट्ट होण्याची तेलाची क्षमता आयोडीन मूल्यानं मोजतात. जवसाचं हे मूल्य १७० च्या वर, करडईचं साधारण १४०, शेंगदाण्याचं ९० च्या आसपास आणि खोबऱ्याचं जेमतेम ८ ते १०. जवस पूर्ण वाळून घट्ट होतो. शेंगदाणा कधीच वाळत नाही, लाकडात तसाच राहतो आणि काही आठवड्यांत खवट होतो. खवट तेलाची फळी घासूनही वास सोडत नाही. खोबरेल खवट व्हायला वेळ लागतो, तरी तेही कधीतरी वास मारतंच, आणि थंडीत ते फळीवर गोठून बसतं.

करडई ही या पट्ट्याची रब्बीची जुनी सोबतीण. ज्वारीच्या कडेनं तिची काटेरी ओळ असायची, सोलापूरच्या संशोधनातून आलेल्या तिच्या एका वाणाचं नावच ‘भीमा’ आहे. करडईचं तेल मधल्या वर्गात येतं, अर्धवट वाळतं. तेलाच्या जुन्या डब्याच्या झाकणाला, फोडणीच्या भिंतीला जो चिकट पिवळा थर बसतो, तसाच थर करडईच्या तेलानं फळीवर बसतो. या तेलाला कारागिरीत मान नव्हता असं नाही. पेशावर भागातले कारागीर करडईचं तेल तासन्‌तास कढवून त्याचं घट्ट रोगण करायचे आणि आफ्रिदी मेणकापडावर त्यानं नक्षी काढायचे. पण कढवलेलं रोगण वेगळं आणि घाण्यावरून आणलेलं ताजं तेल वेगळं. ताजं तेल भाकरीच्या चटणीवर घ्यावं, फळीला देऊ नये.

जवसाबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल, ज्याच्या दाण्यांची आपण चटणी करतो, ते फळीला चालतं. पण पातळ हात मारून प्रत्येक हाताला आठवडेच्या आठवडे वाळू द्यावं लागतं. हार्डवेअरमध्ये ‘बॉइल्ड’ किंवा ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते वेगळं. लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज, पूर्वी तर शिसंही, अशी धातूंची संयुगं घातलेली असतात. ते खिडकीच्या चौकटीसाठी आहे, जेवणाच्या वस्तूसाठी नाही. आणखी एक धोका जीवावरचा आहे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. वापरलेलं फडकं मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. भुशानं भरलेल्या सुताराच्या दुकानात तर हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

औषधाच्या दुकानातली बाटली

शेवटी उत्तर सापडतं ते हार्डवेअरमध्ये नाही, औषधाच्या दुकानात. बद्धकोष्ठतेसाठी घ्यायचं लिक्विड पॅराफिन म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल. बाटलीवर ‘आयपी’ लिहिलेलं असावं. म्हणजे ते भारतीय औषधकोशाच्या कसोटीला उतरलेलं आणि पोटात घेण्याजोगं असतं. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही, त्याला वास नाही, चव नाही, आणि शेंगदाण्याची किंवा अक्रोडाची ॲलर्जी असणाऱ्यालाही ते चालतं. शिलाई मशीनचं तेल किंवा डोक्याला लावायचं सुगंधी तेल हेही बरेचदा खनिज तेलच असतं, पण ते पोटासाठी शुद्ध केलेलं नसतं. ते वापरू नये.

खनिज तेलाचा दोष एकच, धुण्याबरोबर ते हळूहळू निघून जातं. त्याला जोड हवी मेणाची. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, नळ्यांच्या तोंडाशी बसतं आणि पाण्याचा थेंब वरच अडवतं. वजनानं चार भाग तेल आणि एक भाग मेण असं प्रमाण बरं पडतं. हे मिश्रण थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून त्यात मेण वितळवावं आणि ते थंड झालं की मलमासारखं होतं. मेण शुद्ध हवं. मधमाश्यांच्या क्षेत्रात काम करणारी केंद्रीय संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, आणि मधपाळांकडे मेण हे मधाबरोबरचं उत्पादन असतं. बाजारातली रंगीत, सुगंधी मेणबत्ती वितळवून लावू नये. ज्या घरात मध चालत नाही, तिथे मेणाशिवाय नुसतं तेल, फक्त जास्त वेळा लावलं तरी पुरतं.

जंतूंचं काय?

लाकूड म्हटलं की अनेकांना घाण आठवते, हॉटेलांत तर प्लॅस्टिकचा बोर्ड स्वच्छतेची खूण मानला जातो. ही समजूत १९९४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिली. त्यांनी लाकडाच्या आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर ई. कोलाय, साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू टाकले. प्लॅस्टिकवरचे जंतू तासन्‌तास तसेच सापडत राहिले आणि रात्रभर ठेवले तर वाढले. लाकडात रस काही मिनिटांत शोषला गेला, आणि एरवी मांसातून येतील इतके जंतू आत गेल्यावर साधारणपणे परत मिळेनासे झाले. आपल्या प्रश्नासाठी त्यांचं एक निरीक्षण महत्त्वाचं: लाकडाला खनिज तेल लावलं तरी या निकालात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तेल पाजलं म्हणून फळीचा हा गुण जात नाही.

याचा अर्थ लाकूड धुवायला नको असा काढू नये. मटण-मासळीची फळी वेगळी आणि भाजीची वेगळी, ही अनेक घरांतली शिस्त इथे शास्त्राच्याही बाजूची आहे. कच्च्या मांसानंतर फळी गरम पाणी आणि साबणानं लगेच घासावी. कांदा-लसणाचा वास गेला नाही तर मीठ आणि लिंबाची फोड फिरवावी. मोरीत भिजत टाकू नये, आणि वैशाखाच्या उन्हात तासन्‌तास उभी करू नये.

पाजण्याची रीत

फळी आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आणि मग २२० च्या पेपरनं घासावी. एकदा ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यावी. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते पुन्हा २२० नं उतरवावेत. मग तेल किंचित कोमट करून भरपूर ओतावं, टोकांना पितील तितकं द्यावं, आणि रात्रभर ठेवून सकाळी उरलेलं पुसून टाकावं. एका हातानं भागत नाही. सुतारकामात जगभर एक नियम पाळतात: पहिला आठवडा रोज, पहिला महिना आठवड्यातून एकदा, पुढे महिन्यातून एकदा. फळी तहानलेली आहे का हे पाण्याचा थेंब सांगतो. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर काही करू नका, पसरून लाकूड काळसर झालं तर तेल द्या. कोरड्या उन्हाळ्याच्या तोंडावर, शिमग्याच्या सुमारास, मेणाचा एक हात जरूर द्यावा.

फळी वाळायची कशी, हे आपल्याला पोळपाटानं आधीच शिकवून ठेवलं आहे. कातारी पोळपाटाला तीन पाय देतो, त्यामुळे खालूनही हवा खेळते आणि दोन्ही बाजू सारख्या वाळतात. चॉपिंग बोर्ड ओट्यावर सपाट पडून राहिला की खालची बाजू ओली राहते आणि तिथूनच काळी बुरशी सुरू होते. बोर्डाला चार लहान पाय लावून घ्या, नाहीतर धुतल्यावर तो कडेवर उभा करा.

पाबळला, शिरूर तालुक्यातच, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करत शिकण्याच्या विश्वासावर. फळीच्या बाबतीतही तीच वाट बरी. उरलेल्या तुकड्यावर तेल लावा, पाणी सांडा, सुरी चालवा, महिनाभर वास घेत राहा. मगच मोठ्या फळीला हात लावा. बैलगाडी गेली, लाकडी औतं गेली, आणि घडीव काम करणाऱ्या सुताराला आज प्लाय आणि सनमायकावर गुजराण करावी लागते. बाभळीची, वेड्या बाभळीची चांगली फळी हे त्याच्या हातचं काम आहे आणि त्याला पुण्यात गिऱ्हाईक आहे. त्यानं फळीखाली लाकडाचं नाव आणि लावलेल्या तेलाचं नाव कोरून द्यावं. गिऱ्हाइकानं किंमत विचारायच्या आधी हेच दोन प्रश्न विचारावेत, आणि विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर ती फळी कितीही चमकत असो, घरी आणू नये.